नऊने भाग जाणारा नंबर

माझा बा, मनसाराम, नऊवेडा आहे. कोण्या बुवानं त्याला सांगितलं की तुझं नशीब नवात आहे, आणि झालं! जुना मोबाइल नदीत पडला तर काल वडसा गावी मोबाइलच्या दुकानात ठाण मांडून त्यानं असा नंबर निवडला, ज्याच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊच उरतात. घरी येऊन तो दाराजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहिला आणि आज सकाळी कोलूकाकासोबत वैनगंगेत जाळी टाकायला गेला.

दुपारी मी कॉलेजातून घरी पोचते तोच दवंडी आली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, नदीत कोणी थांबू नका. शेजारचा दिनेश मोटारसायकल घेऊन निघाला, पण जंगलातल्या रस्त्यानं घाट गाठायला तासभर तरी लागणार. कोलूकाकाकडे फोन नाही. आणि भिंतीवरच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे शेळीनं अंग घासून पुसून टाकलेले, आणि नवा नंबर मी अजून माझ्या फोनात भरलाच नव्हता.

"माय, असे शंभर नंबर होतेत!"

"मंग लाव नं शंभर! तुले शिकवलं कायले?"

तेव्हा मला बाचे नऊ आठवले. नऊने भाग जाणारी संख्या कितीही मोठी असो, तिच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यातच पडते. दिसणाऱ्या आठ अंकांची बेरीज एक्केचाळीस. म्हणजे पुसलेल्या दोघांची चार हवी, नाहीतर तेरा. शंभराचे अकरा उरले. त्या बुवाला मी मनातून हात जोडले.

अकराही लावले. कोणी शिव्या दिल्या, कोणी तेलुगूत बोललं, काही बंद होते. बा कुठेच नव्हता.

"बानं बेरीजच चुकवली, माय."

"नाई चुकत थो. माह्यासमोर मोजलं. इथून." मायनं नंबराच्या अगदी पुढच्या ९१ वर बोट ठेवलं.

"हे बी धरलं?"

"पैसे साऱ्याचे देल्ले, मंग हे काऊन सोडाचं म्हने."

अख्ख्या देशाच्या मोबाइलांपुढे लागणारा ९१ माझ्या बानं स्वतःच्या नशिबात धरला होता! बेरीज दहानं सरकली. आता दोघांची तीन हवी, नाहीतर बारा. पुन्हा अकरा नंबर. आकडे चुकत होते, मी रडत रडत लावत होते.

एका नंबरावर कोलूकाकाचा आवाज आला.

"काका, मी आचल! धरणाचं पानी सोडलं! बाले घेऊन निघा!"

"मी काठावरच आहो, पोरी. थो मधातल्या रेतीवर गेला जाळं काढाले. फोन भिजंल म्हून माह्यापाशी ठेवला."

"आवाज द्या त्याले!"

काकानं फोन बंद केला नाही. तो ओरडत पळत होता ते आम्हाला ऐकू येत होतं. मागून घरघर येत होती. मला आधी वाटलं, नेटवर्क खराब आहे.

घरघर वाढत गेली. मायनं माझ्या हातातून फोन हिसकावला आणि जन्मात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली माझी माय त्यात ओरडायला लागली, "मनसाराम! मनसाराम!"