न वाचता परत

सुधारकांच्या घरात संशय हा पाहुणा नव्हता, घरचाच होता. टपाल उशिरा आलं की टपालवाला फितूर, शाई फिकी लागली की छापखानेवाला विरोधकांना मिळालेला. बायकामुलींनी शिकावं म्हणून मासिक काढणाऱ्या माणसाला शत्रू असतात, हे खरं. पण सगळेच कसे असतील? हे विचारणं त्यांच्या बायकोनं केव्हाच सोडलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतत बसणार.

एका कापडवाल्याशी त्यांचं वर्षभर पत्रांतून भांडण चाललं होतं. तो लिहायचा, मी वर्गणीदार झालोच नाही. हे लिहायचे, तुमच्या घरून चिठ्ठी आली होती. शेवटी त्यानं सगळे अंक परत पाठवले. सोबत पत्र, तेही जुन्या बिलाच्या पाठीवर: "एकही उघडलेला नाही. माझ्या घरात वाचता मला एकट्याला येतं, आणि मी तुमच्या मासिकाला हात लावत नाही."

सुधारकांनी अंक उलटसुलट पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. त्या काळी मासिकाची पानं कडेला जोडलेलीच यायची, वाचणाऱ्यानं ती कापून घ्यायची. या अंकांची पानं कापलेली होती.

"सापडला लबाड," ते म्हणाले. "आजच लिहितो, आणि पुढच्या अंकात छापतोही. म्हणावं, तू नाही वाचलंस ना, मग तुझ्या घरात कोण वाचतं ते शोध."

बायकोनं एक अंक हातात घेतला. पानं चाकूनं कापलेली नव्हती, वेडीवाकडी फाटत गेली होती. असं केसातल्या आकड्यानं होतं. कोपऱ्यात पिठाचा अंगठा उमटला होता. शेवटच्या अंकातली गोष्ट तर अर्ध्यावरच कापायची राहिली होती. वर्गणीची चिठ्ठी कुणी लिहिली असेल, हे तिला तेव्हा उमगलं. त्या कापडवाल्याची बायको असेल, सून असेल, लेक असेल. यांचं पत्र गेलं की तिची धडगत नव्हती.

"मी कापली," ती म्हणाली.

"कधी?"

"काल दुपारी गठ्ठा आला तेव्हा. तुम्ही छापखान्यात होतात."

"कशानं?"

तिनं केसातला आकडा काढून दिला. संशयी माणूस तो. कोऱ्या अंकावर आकडा चालवून पाहिला. पान तसंच फाटलं.

"मी जगाला सांगतो बायकांना वाचू द्या, आणि माझीच बायको चोरून वाचते? लोक शेण घालतील तोंडात." त्यांनी पत्रासाठी घेतलेला कागद फाडला. "त्या कापडवाल्याचं नाव यादीतून काढून टाक. अंक पोचल्याची पावती पाठव. आणि यापुढे विचारून घेत जा." मग अंकांच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

तिला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं वेष्टणं चिकटवता चिकटवता तिनं प्रत्येक अंक वाचला होता, तोही त्यांच्यासमोर बसून. त्यांनी कधी वर पाहिलंच नव्हतं.

वेष्टणाला त्यांच्याकडे छापखान्यातले वाया गेलेले कागद वापरायचे, छापील बाजू आत. तिनं ढीग उपसून अर्ध्यावर राहिलेल्या त्या गोष्टीचा उरलेला भाग असलेला कागद काढला आणि त्यात पावती गुंडाळली. जुन्या बिलावर पत्र लिहिणारा माणूस वेष्टण टाकून देणार नव्हता. ते चूल पेटवायला आत जाणार.

"एवढ्याशा पावतीला एवढा मोठा कागद?" सुधारकांनी विचारलं.

"वाटेत चुरगळते."

त्यांनी पुडकं दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं, पत्ता पुन्हा पुन्हा तपासला. मग टपालात टाकायला स्वतःच घेऊन गेले. तिच्यावर आता त्यांचा भरवसा राहिला नव्हता.