मधे बोलायचं नाही

बायको, विजया, गेली हे मुलीला सांगायला श्रीकांत इस्पितळातून घरी आला, तेव्हा मुक्ता तोंडात यंत्र धरून बसली होती.

मुक्ताला लहानपणी रक्ताचा कॅन्सर झाला होता. त्यातून ती बरी झाली, पण औषधांनी श्वासाचे स्नायू कमजोर करून ठेवले. कॉलेजचा जिना चढताना धाप लागायची, म्हणून फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी हे स्प्रिंगचं यंत्र दिलं. त्यातून जोर लावून श्वास आत ओढायचा. विजया तिच्या बरगड्यांखाली हात ठेवून बसायची. मधे कोणी बोललेलं तिला चालायचं नाही.

म्हणून श्रीकांत दारातच थांबला. श्वास पुरे होऊ देत, मग सांगू. पण फाटकापाशी त्याचा चेहरा बघून शेजारच्या जयूकाकूंनी ओळखलं होतं. त्या मागून आल्या, त्याला बाजूला सारून आत गेल्या आणि त्यांनी मुक्ताला पोटाशी धरलं. मुक्ता त्यांच्या कुशीत रडली.

तेव्हापासून बरगड्यांखालचा हात जयूकाकूंचा झाला.

संध्याकाळी चहा गाळताना श्रीकांतला ऐकू यायचं. "ओढ बेटा, ओढ. थोडा और दम लगा." मग मुक्ताचं हसणं. त्याच्यापाशी ती अशी कधी हसली नव्हती. दारातल्या जयूकाकूंच्या चपला दिसल्या तरी त्याचा जळफळाट व्हायचा.

"भाऊजी," कप घेताना त्या म्हणायच्या, "देवास गेटच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत दिवसभर दुनियेशी बोलता. घरी आलात की शटर डाउन."

एकदा त्याने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. "झोपली आहे ती."

आत येऊन म्हणाला, "काकू नाही येत आज. मी धरू हात?"

मुक्ताने यंत्र तोंडाला लावलं. त्याने जपून तळवा टेकवला. तिने श्वास ओढला, अर्ध्यात थांबली, त्याच्याकडे पाहिलं. परत ओढला, परत थांबली.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"मधे बोललेलं आईला चालायचं नाही."

"दुसऱ्यांनी. ती स्वतः तर पूर्ण वेळ बोलायची. कानाशी, हळू."

श्रीकांतने हात काढून घेतला. हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"काकूंना तुम्हीच परत पाठवलंत ना? आवाज आला मला." ती रागावली नव्हती. "जा, बोलावून आणा."

तो गेला. "उठली ती," म्हणाला. जयूकाकूंनी पायात चपला सरकवल्या.

आत श्वास सुरू झाले. श्रीकांत दारात उभा राहिला.

विजया गेली त्या दिवशी आपण इथे का थांबलो होतो, ते त्याने मुक्ताला अजून सांगितलेलं नाही.