वाटणीचा दिवस

पेशी वाढवण्यात तिचा हात धरणारं त्या लॅबमध्ये कुणी नव्हतं. बाटलीचा तळ पेशींनी भरत आला की त्याच दिवशी त्यांची नव्या बाटल्यांत वाटणी करायची, नाहीतर दाटीनंच मरतात. हे काम पंचवीस वर्षांत तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

सोमवारी लेकीचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात, आता कधीही. आज निघतेस ना?"

"उद्या वाटणी आहे गं. उरकली की संध्याकाळच्या गाडीत बसतेच. पहिलटकरणीला वेळ लागतो."

"गोठवून ठेव की त्यांना. तूच सांगायचीस, वर्षानुवर्षं टिकतात."

"परत जाग्या करताना कितीतरी दगावतात."

लेक हसली. "बरं बाई. त्यांचं होऊ दे आधी."

ते हसणं ओळखीचं होतं. लेक सात वर्षांची असताना एका रविवारी तिला लॅबमध्ये नेऊन, स्टुलावर उभं करून हिनं सूक्ष्मदर्शक दाखवला होता. "ही पेशी म्हणजे आई. हिच्या आता दोन लेकी होणार."

"मग आई कुठे जाते?"

"कुठे जाणार? दोघींत वाटली जाते."

"सगळी?"

"सगळी. मागे काही म्हणून उरत नाही."

पोरगी विचार करून, अशीच हसत म्हणाली होती, "तू मात्र सगळी इथेच उरतेस." केवढी चुणचुणीत, म्हणून ही कौतुकानं चार जणांना सांगत सुटली होती.

मंगळवारी हात हातमोज्यांत, फोन कपाटात. वाटणी उरकून बाहेर आली, तर जावयाचे अकरा फोन येऊन गेलेले. नात झाली होती.

गाडीत रात्रभर एकच गोष्ट डोकं खात राहिली. गोठवायला तासभर लागला असता. मेल्या असत्या थोड्या. मरू द्यायच्या.

सकाळी दवाखान्यातल्या खोलीत पाऊल टाकलं तशी लेक म्हणाली, "ये ना, बस. प्रवास नीट झाला? चहा घेतेस?" चिडली असती तर बरं झालं असतं.

विहीणबाईंनी बाळ पुढे केलं. "घ्या, धरा नातीला." पण ही सवयीनं आधी कोपरापर्यंत हात धुवायला गेली. परत येईस्तो बाळ लेकीच्या कुशीत झोपलेलं.

"मी राहते गं महिनाभर," ती कॉटजवळच्या स्टुलावर टेकत म्हणाली.

"राहा की. पण घाई असेल तर अडकू नकोस. सासूबाईंनी रजा काढलीय."

"किती?"

बाळाचं टोपडं सारखं करत लेक म्हणाली, "होती तेवढी. सगळी."