तुर्काचा खळगा

"घाला, घाला हात. तुर्क काही आत बसलेला नाही," लिदियामावशी म्हणाल्या, आणि बसमधून उतरलेली वीस-बावीस म्हातारी माणसं ठरल्या जागी हसली. देब्रेत्सेनहून सहलीला आलेली मंडळी होती. सकाळीच वाइनची दोन तळघरं पालथी घालून आल्यामुळे सगळ्यांचे गाल लाल झाले होते. एकेक जण पुढे होऊन चर्चच्या कमानीच्या उजव्या खांबातल्या खळग्यात हात घालत होता. छातीच्या उंचीवर, अर्धं कलिंगड मावेल एवढा तो खळगा. इतक्या वर्षांच्या हातांनी आतून गुळगुळीत झालेला. साडेचारशे वर्षांपूर्वी तुर्कांनी समोरच्या टेकडीवरून तोफ डागली, गोळा इथे बसला, पण आमच्या चर्चची तटबंदी काही हलली नाही, हे मावशींनी एका दमात सांगून टाकलं. गेली एकतीस वर्षं त्या हे सांगत होत्या, आणि त्यातला गोळ्याबद्दलचा एक शब्दही खरा नव्हता.

कोवाचदोंब गावच्या चर्चला पूर्णवेळ पाद्री नाही, तिकीट नाही, रखवालदार नाही. कमानीवर एक पाटी आहे: चावी सत्तेचाळीस नंबरच्या घरी मिळेल. सत्तेचाळीस नंबर म्हणजे मावशींचं घर. आधी ज्यांच्याकडे चावी होती त्या वारल्या आणि सगळ्यांत जवळचं घर हे, म्हणून वीतभर लांबीची ती लोखंडी चावी यांच्या स्वयंपाकघरात आली आणि गाळणीशेजारच्या खिळ्यावर लटकली. बेल वाजली की एप्रन काढायचा, डोक्याला धुतलेला रुमाल बांधायचा आणि निघायचं. कधी पोगाचाचं, त्या छोट्या खाऱ्या पावांचं, पीठ मळताना बेल वाजायची, कधी सूप वाडग्यात वाढल्यावर. शेजारणी म्हणायच्या, कसली ही मेली कटकट! मावशी वरवर हो ला हो करायच्या. खरं म्हणजे ज्या दिवशी बेल वाजायची नाही त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

आता त्या खळग्याचं खरं काय ते सांगायला हवं.

चौसष्ट सालचा ऑक्टोबर. द्राक्षांची तोडणी ऐन भरात होती. वीस वर्षांची लिदिया पाठीला पट्ट्यांनी अडकवलेली, द्राक्षांनी भरलेली लाकडी डोणी घेऊन कमानीपाशी दम खायला टेकली होती. तेवढ्यात सहकारी संस्थेचा लाल ट्रॅक्टर मागे पिंपांची गाडी ओढत त्या चिंचोळ्या गल्लीत शिरला. चालवत होता आरोन, चोवीस वर्षांचा, कान जरा मोठे असलेला. त्यानं लिदियाकडे बघितलं आणि बघतच राहिला. पुढचं गाडीच्या लोखंडी कोपऱ्यानं केलं. खांबाचा हा एवढा टवका उडाला, दोन पिंपं गडगडत उतारावरून थेट ओढ्यात गेली, आणि लिदिया इतकी हसली की डोणीतली निम्मी द्राक्षं रस्त्यावर सांडली.

हसण्यासारखं मात्र काही नव्हतं. संस्थेची मालमत्ता म्हणजे सरकारची मालमत्ता. दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून साहेब चौकशीला आला आणि आरोनची पाचावर धारण बसली. तेव्हाचे पाद्री मोठे बेरकी गृहस्थ. साहेबानं खांबाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? पाद्री म्हणाले, "या गावात तुर्क येऊन गेलेत, साहेब." एवढंच. खोटं म्हणाल तर एक अक्षर नाही. साहेबानं ते वहीत लिहून घेतलं, ग्लासभर वाइन घेतली आणि तो गेला. गाव मूग गिळून गप्प बसलं, आणि वीस वर्षांत नव्या पोरांना तुर्काचा गोळा हेच खरं वाटायला लागलं. डोळ्यांनी पाहिलेले एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. शेवटी उरल्या एकट्या लिदियामावशी.

आरोननं तिच्याशी त्याच हिवाळ्यात लग्न केलं. जन्मभर तो एकच सांगत राहिला, ब्रेक लागला नाही. तुझ्याकडे बघत होतो असं कबूल करणं त्याच्या जिवावर यायचं. पण कमानीवरून जाताना बाकीचे टोपी काढत, तेव्हा हा खळग्याला दोन बोटं लावायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. मुलं झाली नाहीत, घर भाड्याचं, ट्रॅक्टर संस्थेचा. त्यानं जगावर उमटवलेली खूण म्हणाल तर ती एवढीच. रोज परके लोक त्यात हात घालतात, हे मावशींना फार बरं वाटायचं. तुर्काच्या नावानं का होईना, हात आरोनलाच लागतोय, असं त्या मनाशी म्हणायच्या.

देब्रेत्सेनची बस येऊन गेली त्याच उन्हाळ्यात कमानीची दुरुस्ती निघाली. राजधानीहून जुन्या इमारतींची जाणकार बाई येणार म्हणून सरपंच लेवेंते आदल्या दिवशीच सत्तेचाळीस नंबरला येऊन बसला. त्याच्या तळघरातल्या वाइनचं नावच 'तोफगोळा', बाटलीवर कमानीचं चित्र. लहानपणी त्यानं आजोबांकडून खरी गोष्ट ऐकली होती आणि सोयीनं विसरला होता.

"मावशी, ती विचारेल. तुम्ही नेहमीचंच सांगा. तुर्काचा असेल तर खळगा ठेवतात, वर पितळी पाटी लावतात. आपलाच उद्योग आहे म्हणालात, तर नुकसान म्हणून बुजवून टाकतील."

"बुजवतील?"

"दगड भरून साफ. मग बसवाल्यांना काय दाखवाल, माझं डोकं?"

"तुझ्या डोक्यात हात घालायला कोण येतंय?" मावशी म्हणाल्या. त्यांनी पोगाचाची ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि नेहमीचंच सांगते म्हणून कबूल करून टाकलं.

जाणकार बाई म्हणजे एनिको, पस्तिशीची, गुडघ्यांवर धूळ माखून घेणारी पोरगी निघाली. तासभर ती खळग्यात बॅटरी मारून बघत होती. शेवटी उठली आणि म्हणाली की दगडावरून काही कळायला मार्ग नाही, लोकांच्या हातांनी सगळं पुसून टाकलंय. गावातलं जाणतं माणूस सांगेल ते ती अहवालात लिहिणार, आणि मावशींनी खाली सही करायची. पाटीचा मजकूर तिनं तयारच आणला होता. सरपंचानं तो कौतुकानं मावशींच्या हातात दिला. मावशींनी चष्मा लावला. 'तुर्की तोफेचा मारा, सोळावं शतक.'

मावशींनी तो दोनदा वाचला. इतकी वर्षं हेच तर त्या तोंडानं सांगत होत्या. पण बोललेलं वाऱ्यावर जातं आणि मागे आपण राहतो, खरं काय ते जाणणारे. हे तसं नव्हतं.

"ही पाटी किती वर्षं टिकते गं?" त्यांनी विचारलं.

"पितळ आहे मावशी. तीनशे वर्षं तरी कुठे जात नाही."

तीनशे वर्षं! आपण फार तर आणखी दहा. त्यानंतर इथे आरोन नाहीच. ज्यानं कधी इकडे गोळा मारला नाही तो कुठला तुर्क तीनशे वर्षं त्याच्या जागेवर बसणार. मावशींना एकदम रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. त्यांनी चष्मा काढला.

"तुर्कबिर्क काही नाही. चौसष्ट सालच्या ऑक्टोबरची बारा तारीख, सोमवार, दुपारचे चार. आमच्या आरोननं ट्रॅक्टर घातला. लिही."

"मावशी!" सरपंच म्हणाला.

"तू गप रे लेवेंते. मला ठाऊक आहे मी काय करतेय."

एनिकोनं पेन उचललं, पण लिहिलं नाही. "मावशी, असं लिहिलं तर मला हा बुजवावा लागेल. कळतंय ना?"

"कळतंय. बुजव. पण कागदावर त्याचं नाव पूर्ण लिही." नाव त्यांनी स्वतः सांगितलं, आडनावासकट, हळूहळू, एकेक अक्षर ती नीट लिहितेय ना हे वाकून बघत. मग खाली सही केली.

सरपंच पंधरा दिवस बोलला नाही. मग तोडणी आली, माणसं कमी पडली, आणि तोच द्राक्षांची टोपली घेऊन मदत मागायला दारात उभा राहिला. त्याच आठवड्यात गवंड्यानं खळग्याच्या कडा चौकोनी कापून त्यात नवा दगड बसवला. मावशी खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. दगड त्याच खाणीतला, पण ताजा कापलेला, पांढराफटक. बाकी कमान काळीसावळी, आणि मध्ये हा एक चौकोन, पार ओढ्यापासून डोळ्यांत भरणारा. गवंडी बिचारा ओशाळला.

"रंग मिळत नाही एवढ्यात, मावशी. पन्नासएक वर्षं लागतील."

"लागू देत," मावशी म्हणाल्या. "काही घाई नाही."

दोन दिवसांनी बेल वाजली. मिश्कोल्त्सची बस होती. मावशींनी हात धुतले, रुमाल बांधला, खिळ्यावरची चावी काढली. कमानीपाशी पोचतात तोच एका टोपीवाल्या आजोबांनी विचारलं, हा पांढरा दगड कसला? मावशींनी सगळं सांगितलं, डोणीपासून ओढ्यातल्या पिंपांपर्यंत. तुर्कावर हसायचे त्याच्या दुप्पट लोक हसले.

"म्हणजे ब्रेक लागला नाही म्हणा की," आजोबा म्हणाले.

"तोही जन्मभर तेच म्हणत होता. ब्रेक उत्तम होता."

मग मंडळींना पुढे घालून त्या मागे राहिल्या, पांढऱ्या दगडाला दोन बोटं लावली, आणि चर्चचं दार उघडायला गेल्या.