गडग्याच्या कडेने आलेली लाइन

विनिताचं घर पुरं झालं, रंग लागला, वास्तुशांतही झाली. पण घरात फोन नव्हता, इंटरनेट तर नाहीच. घर हरिहरेश्वरच्या रस्त्यापासून आत, खोलगटात. तिथं मोबाइलची रेंज मिळायची नाही. न्हावा शेव्याच्या एका कंपनीसाठी ती कंटेनरचे कागद तयार करायची. साहेबांनी घरून काम करायची मुभा दिली ती एका अटीवर: सोमवारपासून लाइन चालू हवी.

बुधवारी फोन-इंटरनेटच्या कंपनीचा जोडणीवाला सुजित आला. रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत नजर टाकून त्यानं मान हलवली.

"ताई, मधे यज्ञेश्वरकाकांची वाडी आहे. ते तार ओढू देत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या दोन माणसांना परत पाठवलंय. शक्य नाही, असं लिहून टाकतो."

"एवढ्यात काही लिहू नका. चला माझ्याबरोबर."

यज्ञेश्वरकाका वाडीत सुपाऱ्या गोळा करत होते. तार म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज चढला. "नाही म्हणजे नाही!"

"बरं, नाही. पण का नाही, तेवढं सांगा काका."

आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. काकांनी बोट वर केलं. पोफळीच्या शेंड्याला सुपाऱ्या उतरवणारा पाडेली रावजी होता. त्यानं घड उतरवला, झाड झोके देत वाकवलं आणि शेजारची पोफळ धरून तिकडे गेला. खाली उतरलाच नाही.

"हा असा दिवसभर फिरतो. मधे तार आली तर त्याच्या गळ्यातच यायची. तुमचे लोक म्हणतात, उंच बांधू. उंच म्हणजे नेमकी ह्याच्या वाटेत!"

विनिता वर बघत राहिली. म्हातारा हट्टी नव्हता, शहाणा होता.

"खरंय तुमचं. मग वरून नकोच," ती म्हणाली आणि वाडीच्या गडग्याकडे वळली. जांभ्याचा तो बांध थेट तिच्या अंगणापर्यंत जात होता. "ह्याच्या कडेने, पाइपातून, जमिनीलगत नेली तर?"

"फेरा पडेल, ताई," सुजित म्हणाला. "वायर मी देतो, पण कंपनी पाइप देत नाही."

"पाइप मी आणते."

"गडगा पावसात ढासळतो," काका म्हणाले.

एव्हाना रावजी खाली आला होता. "वरल्या अंगाचा न्हाय ढासळत, काका. तिकडनं जाऊ द्या. मधे पाण्याचा पाट लागतो, त्याच्याखालनं काढली की झालं."

काकांनी रावजीकडे पाहिलं, मग विनिताकडे. "तो म्हणतो तर न्या. पण गडग्याचा चिरा हलला तर?"

"मी स्वतः बसवीन."

एक चिरा हललाच. शुक्रवारी सगळ्यांदेखत तिनं तो बसवला. काकांनी पायानं दाबून पाहिला. पाइप कमी पडले, ते म्हसळ्याहून टेम्पोतून आले. शनिवारी दुपारी भिंतीवरच्या पेटीत हिरवा दिवा स्थिर झाला आणि पेटीशेजारचा नवा फोन खणखणला. पलीकडे खांबावरून सुजित ओरडत होता, "ऐकू येतंय का, ताई?"

"ओरडू नका, शेजारी बसल्यासारखं ऐकू येतंय."

सोमवारी दहाच्या ठोक्याला तिचे कागद साहेबांच्या समोर होते. त्याच आठवड्यात सुजितचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका वाडीत मालकीणबाई अडून बसल्या होत्या. "ताई, तुम्ही येता का बोलायला?"

"दुपारनंतर येते," विनिता म्हणाली. "तोवर त्या वाडीत झाडांवर कोण चढतं, ते विचारून ठेवा."