पुसलेली बोडी

२०२१ च्या डिसेंबरात, सलग सहाव्या सकाळी वच्छलाबाईंनी चष्मा पदराने पुसला, मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा केला आणि पाहिले. बोडी पुन्हा नव्हती. काल दुपारी त्यांनी पारीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, कडेकडेने बोट फिरवून तळ्याचा निळा आकार काढला होता. आता तिथे गावातल्या भय्याजींच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, सपाट पसरल्या होत्या.

हा नकाशा फुकट आणि सगळ्यांचा होता. कोणीही भरावा, कोणीही दुरुस्त करावा, असे प्रविणने अड्याळच्या सभागृहात तीनदा सांगितले होते. प्रविण भय्याजींचा पुतण्या. वच्छलाबाईंच्या अंगणवाडीत खिचडी खाऊन वाढला, मग पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागला. साथीत घरून काम करायला गावी परतला, तो मुक्ती घेऊनच परतला. मुक्त सॉफ्टवेअर, मुक्त नकाशा, मुक्त ज्ञान. सोबत नागपूरचे चार मित्र. त्यांच्या लॅपटॉपच्या झाकणांवर पेंग्विनची चित्रे डकवलेली, अंगात मुद्दाम छापून घेतलेले टी-शर्ट. ते आपसात इंग्रजीत हसत आणि गावकऱ्यांशी बोलताना, बहिऱ्याशी बोलावे तसा आवाज चढवत.

मुक्ती वच्छलाबाईंना नवी नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आई नागपूरहून परतली. दुसऱ्या दिवशी तिने पाच वर्षांच्या वच्छलेचे बोट धरले आणि बोडीच्या वरच्या घाटावर पाणी भरायचा पितळी गुंड बुडवला. तोवर त्यांच्या टोलीने, म्हणजे वस्तीने, तुडुमाखालचे, गुरांनी ढवळलेले पाणी भरायचे. तुडूम म्हणजे बोडीचे पाणी सोडायचे दगडी तोंड. पारीवर माणसे काठ्या घेऊन उभी होती. आईने तिकडे पाहिले नाही. मुक्तीसाठी तिने वेगळा सदराही छापून घेतला नव्हता.

आता त्या बोडीत भय्याजींनी दहा वर्षे माती ओतून बांध्या काढल्या होत्या. मधोमध डबके तेवढे उरले होते. जुनी तळी खोल करणाऱ्या एका संस्थेची अभियंता, रिता, महिनाअखेर या नकाशावरून यादी काढणार होती. नकाशात नसलेली बोडी यादीत घालायची तर सरपंचाची सही लागे, आणि सरपंच भय्याजींची सून होती.

त्या दिवशी वच्छलाबाई सभागृहात गेल्या आणि पहिल्या खुर्चीवर बसल्या.

"प्रविण, मी रोज बोडी टाकून राहिली. ते पुसून कोण राहिलं बाप्पा?"

"तुमचंच बोट लागत असन, काकू. या वयात होते असं. तुम्ही फुलंझाडं टाका ना, मस्त."

मित्र हसले.

"मंग पुसलेलं जाते कुठं?"

"कुठंच नाही जात! इतिहासात राहते. कोणी, कवा, काय केलं, सगळं दिसते. हेच तर खरी गोष्ट आहे, काकू. पारदर्शकता."

तो फळ्याकडे वळला. वच्छलाबाईंनी त्याने सांगितला तो इतिहास उघडला. बोडी टाकली: वच्छला. बोडी पुसली: मुक्तपाखरू. सहा वेळा. त्यांनी मान वर केली. प्रविणच्या पाठीवर, काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते, मुक्तपाखरू.

त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवला आणि चहा मागितला.

पुढचे तीन दिवस त्यांनी बोडी टाकली. तिन्ही दिवस ती पुसली गेली. पण आता निळ्या आकाराभोवती त्यांनी तीन ठिपकेही ठेवले. प्रत्येकाला एकेक नाव. ठिपक्यांना कोणी हात लावला नाही.

चौथ्या दिवशी पानठेल्यापाशी भय्याजी भेटले.

"काय वच्छला, प्रविण सांगत होता, आता तू नकाशात देवबिव टाकून राहिली म्हणून. बुद्धाची होऊन?"

"म्हातारपण हाये, भय्याजी."

भय्याजी पोट धरून हसले. नावे कोणती, ते त्यांनी विचारले नाही. विचारण्याजोगे त्यांना त्यात काही वाटले नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वच्छलाबाईंच्या दारी जीप थांबली. रिता उतरली. तिच्या हातात नकाशाचा कागद होता.

"आजी, हे तुम्ही टाकलंय? इथे पार आहे, इथे तुडूम, इथे सलंग, म्हणजे जादा पाणी जायची वाट. आणि मधे शेत. शेताला कोणी तुडूम बांधतं का?"

"तेच तर मी म्हणून राहिली," वच्छलाबाई म्हणाल्या आणि चपला पायात सरकवल्या. "चला. पायीच जाऊ."

पारीवरची बेशरमाची झुडपे बाजूला केली, तेव्हा तुडुमाचा दगड निघाला. बातमी पोहोचली तसे भय्याजी आले, मागून प्रविण आला. भय्याजींनी दगड पाहिला आणि पुतण्याकडे पाहिले.

"हे देव होते काय रे तुये?"

प्रविण मोबाइल काढून खाली पाहू लागला.

"तुडूम म्हणजे... हे?"

"तुयी खिचडी याच बोडीच्या पाण्यात शिजे," वच्छलाबाई म्हणाल्या.

रिताने तिथेच उभे राहून बोडी नकाशात आणि यादीत घातली. त्या उन्हाळ्यात ती खोल झाली. भय्याजींच्या निम्म्या बांध्या गेल्या. उरलेल्यांना ते आज त्याच बोडीचे पाणी देतात आणि वच्छलाबाई दिसल्या की रस्ता बदलतात. सून पुढच्या निवडणुकीत पडली. रिताने नोकरी सोडली. आता ती लाखांदूरकडे स्वतःच तळ्यांचे काम करते. नागपूरच्या मित्रांना गावाचे नावही आठवत नसेल.

प्रविण पुण्याला परत गेला. दोन वर्षांनी तिथल्या एका संमेलनात त्याने भाषण दिले: मुक्त नकाशाने वाचवलेले तळे. पडद्यावर भरलेल्या बोडीचा फोटो, कोपऱ्यात त्याचे टोपणनाव, मुक्तपाखरू. फोटो आणि टाळ्यांचा व्हिडिओ त्याने स्वतःच गावाच्या ग्रुपवर टाकला. सरपंचापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांनी हात जोडले, फुले पाठवली.

वच्छलाबाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग नकाशाचा इतिहास उघडला. टाकली, पुसली, टाकली, पुसली. नऊ तारखा, पुसणाऱ्याचे नऊदा एकच नाव. त्या पानाची लिंक त्यांनी त्याच ग्रुपवर टाकली. वर एक शब्द लिहिला नाही.

संध्याकाळी धान वाळू घातलेल्या चटया गोळा करून त्या घरात आल्या, तेव्हा खाली एकच बारीक ओळ आलेली होती.

प्रविणने ग्रुप सोडला.