मस्कत ते मुंबई, अडीच तास

हे गेले मंगळवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना. तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालं. बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, बाई, जरा सरक, उकडतंय.

जयराम, आमचा एकुलता एक, मस्कतला वेल्डर. त्याला तार गेली. बापाचं तोंड बघायला तो पोचेल का, एवढाच घोर सगळ्यांना. माझा थोरला भाऊ सावळीराम भूगोलाचा मास्तर. तो लगेच शाळेतून नकाशाचं पुस्तक घेऊन आला. मयताशेजारी सतरंजीवर बसून त्याने मस्कत ते मुंबई दोरा ताणला.

"सोळाशे किलोमीटरसुद्धा नाही! विमानाला अडीच तास. मुंबईहून नाशिकरोड पाच तास धरा. तार आज मिळाली, तर उद्या दुपारी पोरगा दारात."

"अगं बाई! मला दिंडोरीहून यायला तीन तास लागले की!" नणंद नवसाबाई म्हणाली. त्या घरात तेवढ्यात एकदोघं हसलीसुद्धा. मास्तराने सांगितलं म्हणजे झालंच. बर्फाच्या लाद्या आल्या, त्यावर भुसा पडला आणि सगळे थांबले.

बुधवारी दुपार झाली. रिक्षा वाजली की दादा दारात. तीन वाजता त्याने पुन्हा दोरा ताणला. जणू मस्कत रातोरात लांब सरकलं होतं! बर्फ वितळून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, ते मी पुसत होते. पुसायचं, पिळायचं, पुन्हा पुसायचं. त्रिसरण म्हणायला आलेले रावजी दोनदा येऊन परत गेले. चार वाजता ते हळूच म्हणाले, "मास्तर, आता ठेवणं बरं नाही."

दादाचा चेहरा पडला. "विमल, एक तास थांबू. विमानाला उशीर झाला असेल."

"दादा, उचला आता. जयराम येणार नाही."

"असं अभद्र बोलू नकोस गं!"

"त्याचा शेठ महिनाभरासाठी लंडनला गेलाय. सगळ्या कामगारांचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत, आणि किल्ली त्याच्याचकडे. आठवड्यापूर्वी पत्र आलं होतं. यांना ताप होता, म्हणून दाखवलं नाही."

दादा कधी नव्हे ते माझ्यावर ओरडला, "दोन दिवस मी वेड्यासारखा हिशेब करतोय! काल का नाही बोललीस?"

मी फडकं बादलीत पिळलं.

"बोलले असते, तर कालच नेलं असतं तुम्ही यांना."